नाव घेण्यास मनाई : मॅकग्रेगर आडनावाच्या मागावर सहा दिवस

पहिला दिवस : एडिंबरा

माझ्या नातीचे आडनाव मॅकग्रेगर आहे. धुळ्यात हे सांगितले की ऐकणारा आधी दोनदा विचारून खात्री करून घेतो आणि मग 'म्हणजे मूळचे कुठले?' असा प्रश्न येतो, ज्याला गेल्या आठ महिन्यांत माझ्याकडे धड उत्तर नव्हते. जावयाला विचारले, तर "डोंगरातले लोक होते, आई. दुसऱ्यांची गुरे पळवायचे," एवढेच हसत सांगून तो मोकळा झाला. भूमी अभिलेख कार्यालयात ३१ वर्षे काढलेल्या बाईचे अशा तोंडी माहितीने समाधान होत नाही. त्यामुळे स्कॉटलंडला लेकीकडे आल्यावर पहिल्याच शनिवारी, सहा दिवस मोटारीने हिंडून या आडनावाचा माग काढायचा, असे ठरले. नातही सोबत असणार होती, कारण प्रकरण तिचेच होते.

सुरुवात कागदांपासून केली. प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्वेच्या टोकाला, वेलिंग्टनच्या घोड्यावरच्या पुतळ्यामागे, रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुकाराने आखलेली जनरल रजिस्टर हाउस ही इमारत आहे. दिवसभराचे शुल्क भरले की तेथे कोणालाही आपले पूर्वज शोधता येतात. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय लाल कापडात बांधलेली वही काढतात, गाव आणि आडनाव विचारतात आणि आपल्या पणजोबांची सही समोर धरतात, तसाच हा प्रकार आहे. फक्त दक्षिणा आधी द्यायची आणि वहीऐवजी संगणकाच्या पडद्याकडे पाहायचे. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यूची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. त्याआधीचे सगळे चर्चच्या दप्तरांत. त्यांतले सर्वांत जुने दप्तर १५५३ चे आहे, पण डोंगराळ भागातली बरीच दप्तरे अठराव्या शतकाच्या अलीकडेच सुरू होतात.

१८५५ पासून मागे सरकत आम्ही जावयाच्या घराण्याला पर्थशरमधल्या एका शेतवाडीपर्यंत नेऊन पोचवले. १७७९ मध्ये तेथे एका मुलाचा बाप्तिस्मा झाला होता. बापाचे आडनाव मॅकग्रेगर, आईचे फर्ग्युसन. त्याच्या मागे मात्र मॅकग्रेगर नावाचा पत्ताच नव्हता. तासभर डोळे फोडल्यावर माझ्या लक्षात आले की आपण चुकीच्या रकान्यात शोधतो आहोत. स्कॉटलंडच्या जुन्या नोंदींत लग्नानंतरही बाईचे माहेरचे आडनाव टिकते. म्हणून बापाला सोडून आईला धरले. तीच शेतवाडी, आईचे तेच नाव, तेच फर्ग्युसन आडनाव, साल १७७१; पण बापाचे पहिले नाव तेच असूनही आडनाव ड्रमंड. आठ वर्षांत माणूस बदलला नव्हता, बायको बदलली नव्हती, वाडी बदलली नव्हती, केवळ आडनाव बदलले होते.

जावई पडद्याकडे पाहत राहिला. सातबाऱ्यावर असा फेर दिसला की आम्ही पहिला प्रश्न विचारत असू, 'कोणत्या आदेशान्वये?' तो आदेश खरोखर होता. १६०३ मध्ये स्कॉटलंडच्या राजाने मॅकग्रेगर हे आडनाव लावण्यावर बंदी घातली होती आणि ती शेवटची उठली १७७४ मध्ये. ज्या इमारतीत बसून आम्ही हे वाचत होतो, तिची पायाभरणीही १७७४ चीच. योगायोगापलीकडे त्यात काही नाही, पण दप्तरात आयुष्य घालवलेल्या माणसाला असे जुळलेले आकडे उगाचच आवडतात.

दुसरा दिवस : बॅलव्हिडर

स्टर्लिंग मागे पडले, कॅलेंडर गाव गेले आणि दोन्ही बाजूंनी डोंगर जवळ आले. दुपारी आम्ही लॉख व्हॉइल या तळ्याच्या तोंडाशी असलेल्या बॅलव्हिडर गावी पोचलो. लॉख म्हणजे तळे, आणि त्यातला शेवटचा 'ख' आपल्या 'राख'मधल्या 'ख'पेक्षा घशात अधिक खोल जातो. माझा उच्चार लेकीपेक्षा बरा येतो, असे जावयाने प्रमाणपत्र दिले.

पडक्या जुन्या चर्चच्या भिंतीशी, लोखंडी कठड्याच्या आत तीन आडव्या शिळा आहेत. रॉब रॉय मॅकग्रेगर, त्याची पत्नी मेरी आणि कोल व रॉबर्ट ही त्यांची दोन मुले तेथे आहेत. वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने आणि पुढे चित्रपटांनी जगभर नेलेला हा माणूस १६७१ मध्ये जन्मला आणि १७३४ च्या डिसेंबरात गेला. रॉय म्हणजे गेलिक या येथल्या डोंगराळ भागातल्या जुन्या भाषेतला 'रुआध', तांबडा. केसांच्या रंगावरून पडलेले नाव. आपल्याकडे काळे, गोरे आणि पिंगळे ही आडनावे आहेतच. शिळांवर नाणी पडली होती आणि माथ्याच्या दगडावर इंग्रजीत दोन-तीनच शब्द होते. त्यांचा अर्थ लेकीने मला विचारला, तेव्हा मी म्हटले, "त्यांच्या नाकावर टिच्चून मॅकग्रेगर." याहून चांगले भाषांतर मला अजून सुचलेले नाही.

हे वाक्य रॉब रॉयला शोभते त्याचे कारण असे की हयातीतला बराच काळ त्याला स्वतःला हे नाव कागदावर लावता येत नव्हते. १६०३ ची बंदी दुसऱ्या चार्ल्सने १६६१ मध्ये उठवली, म्हणून तो मॅकग्रेगर म्हणून जन्मला. तिसऱ्या विल्यमच्या काळात १६९३ मध्ये ती पुन्हा आली, आणि बाविशीतल्या या गुरांच्या व्यापाऱ्याने आईचे आडनाव घेतले. आई कॅम्पबेल होती. व्यवहाराच्या कागदांवर तो कॅम्पबेल म्हणून सही करी. ज्या कॅम्पबेलांनी मॅकग्रेगरांच्या जमिनी गिळल्या, असे घरोघरी सांगितले जाई, त्यांचेच नाव त्याला पांघरावे लागले.

याच चर्चची दुसरी गोष्ट ऐकायला बरी नाही, परंतु सांगितली नाही तर हिशेब अपुरा राहील. १५८९ मध्ये राजाच्या शिकारीच्या वनाचा रखवालदार जॉन ड्रमंड याला मॅकग्रेगरांच्या एका टोळीने मारले, त्याचे शीर कापून येथे आणले आणि कुळाच्या प्रमुखासकट सगळ्यांनी त्यावर हात ठेवून, हे कृत्य आम्हा सर्वांचे आहे, अशी शपथ घेतली, असे सांगतात. जावई ऐकता ऐकता थांबला. "म्हणजे आमच्या माणसाने आडनाव घेतले ते ड्रमंड?" असे त्याने विचारले. घेतले होते. बंदीच्या काळात माणूस ज्या जमीनदाराच्या आश्रयाला राही, त्याचे आडनाव बहुधा लावी. त्यामुळे कोणी मरे झाले, कोणी ग्रँट, कोणी स्ट्युअर्ट, कोणी ड्रमंड, आणि काहींनी मूळ नावाच्याच जवळ राहून ग्रेगरी किंवा ग्रेग असे रूप पत्करले. अ‍ॅबर्डीनकडचे ग्रेगरी घराणे स्वतःला मॅकग्रेगरांपैकीच मानत आले. त्यातला जेम्स ग्रेगरी (१६३८ ते १६७५) हा गणिती, ज्या अनंत श्रेढीमुळे प्रसिद्ध आहे ती आपल्या केरळातल्या माधवाने त्याच्या अडीचशे वर्षे आधी मांडली होती, आणि हल्ली तिला दोघांचीही नावे लावतात. नावांचे हक्क असे उशिराही लागतात.

रात्री मुक्कामाच्या घरी वाचायला ठेवलेल्या पुस्तकांत या कुळाचा एक जाडजूड जुना इतिहास सापडला. नात झोपली होती, बाहेर पाऊस लागला होता आणि मी सवयीप्रमाणे मागून पाने उलटत होते. बंदी उठल्यावर कुळाला पुन्हा प्रमुख हवा होता. तेव्हा ८२६ जणांनी सह्या करून ज्याला प्रमुख मानले, तो जॉन मरे ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या सैन्यात अधिकारी होता आणि तेथेच लष्करी हिशेबखात्याचा वरिष्ठही झाला होता. १७९५ मध्ये त्याला सर ही पदवी मिळाली, तीही मरे याच आडनावाने. त्याचा मुलगा इव्हान याच्या माहितीत एक शब्द आला आणि मी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. थाळनेर.

माझे माहेर शिरपूरचे. थाळनेर तेथून जवळच, तापीच्या काठावर. लतादीदींचे आजोळ म्हणून महाराष्ट्राला ते ठाऊक आहे; आम्हाला लहानपणी ठाऊक होते ते फारुकी सुलतानांच्या घुमटांसाठी आणि नदीत ढासळत चाललेल्या किल्ल्यासाठी. मंदसौरच्या तहाने होळकरांचा खानदेश इंग्रजांकडे गेला आणि तो ताब्यात घेत येणाऱ्या सर टॉमस हिस्लॉपच्या फौजेपुढे २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेर आले. बोलणी चालू असताना काही अधिकारी मोजक्या शिपायांसह दिंडी दरवाजातून आत शिरले. तेथे गोंधळ उडून हातघाई झाली. मेजर गॉर्डन मारला गेला आणि लेफ्टनंट कर्नल मरे अनेक जखमा होऊन पडला. त्यानंतर आतल्या अरब शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी दिले गेले. या फाशीवरून पुढे ब्रिटिश संसदेतही वाद झाला. आमच्याकडे तुळशीराम मामाचे नाव माहीत असलेली म्हातारी माणसे मी पाहिली आहेत; कर्नल मरेविषयी कोणी कधी चौकशी केली नव्हती.

तो कर्नल मरे म्हणजेच मॅकग्रेगरांच्या प्रमुखाचा मुलगा इव्हान. त्या लढाईच्या इंग्रजी हकिगतींत तो 'मॅकग्रेगर मरे' म्हणून येतो. बंदी उठून ४४ वर्षे झाली होती, तरी खरे आडनाव मधल्या नावासारखे आत दडलेले आणि उसने आडनाव शेवटी उघड्यावर. १८२२ मध्ये या घराण्याने राजाच्या परवानगीने मॅकग्रेगर हे आडनाव परत घेतले. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या मिरवणुकीत पहाऱ्याचा मान मॅकग्रेगरांना मिळाला. मी लेकीला उठवून हे सांगितले. ती झोपेतच "आई, उद्या," म्हणाली.

तिसरा दिवस : किलिन आणि फॉर्टिंगल

सकाळी थाळनेरची गोष्ट दोघांना पुन्हा सांगितली. जावयाने, आपल्या लोकांनी तेथे काय केले, असे अगदी थेट विचारले आणि मीही थेट सांगितले. गाडीत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग नात रडू लागली आणि विषय दुधाच्या बाटलीकडे गेला.

लॉख टे या तळ्याच्या टोकाला, किलिनजवळ असलेली फिनलारिगची पडकी गढी कॅम्पबेलांची होती. झाडांनी तिला पुरते गिळले आहे. तेथे एक दगडी हौदासारखा खड्डा दाखवतात आणि त्यात माणसांची डोकी उडवत असत असे सांगतात. मला तो पाण्याचा हौदही वाटला. याच तळ्याच्या दुसऱ्या टोकाला ७ एप्रिल १५७० रोजी ग्रेगर रुआध या मॅकग्रेगर प्रमुखाचा शिरच्छेद ग्लेनऑर्कीच्या कॅम्पबेलाने केला. ग्रेगरची बायको कॅम्पबेलांचीच मुलगी होती. नवऱ्यासाठी तिने केलेला विलाप पुढे अंगाईगीत होऊन आजही गेलिकमध्ये गायला जातो. बापाच्या खुनाची कहाणी अंगाईत ऐकत मुले झोपत होती, ही गोष्ट मला त्या खड्ड्यापेक्षा जास्त टोचली.

फॉर्टिंगलला पोचायला चार वाजले. चर्चच्या आवारातले यू जातीचे झाड युरोपातल्या सर्वांत जुन्या झाडांपैकी एक मानतात. खोड फुटून त्याचे वेगवेगळे भाग झाले आहेत आणि सभोवती भिंत आहे. लोक झाड पाहायला येतात. मी आले होते ते येथल्या धर्मगुरूसाठी. जेम्स मॅकग्रेगर आणि त्याचा भाऊ डंकन यांनी १५१२ ते १५४२ या काळात येथे एक हस्तलिखित तयार केले. त्यात गेलिक कविता आहेत, पण गेलिक लिहिण्याची रूढ पद्धत सोडून स्कॉट्स भाषेच्या स्पेलिंगांत उतरवलेल्या. आपण मोबाइलवर मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि पुढे आपल्यालाच ती वाचताना अडखळायला होते, तसे. अभ्यासकांना ते सोडवताना पिढ्या लागल्या. तेच बाड आता एडिंबराच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

त्या बाडात डंकनने १५१२ मध्ये मांडलेली मॅकग्रेगरांची वंशावळ आहे आणि ती नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन या राजापर्यंत जाऊन भिडते. 'आमचा वंश राजाचा' हे कुळाचे ब्रीदवाक्यही त्यातूनच आले. मला यावर फारसा विश्वास ठेवावासा वाटत नाही. इतिहासकार ज्या ग्रेगरपासून या कुळाला धरतात, तो चौदाव्या शतकाच्या आसपासचा आहे. सूर्यवंश किंवा चंद्रवंशापर्यंत नेऊन टेकवलेल्या वंशावळी मीही कचेरीत पुष्कळ पाहिल्या, आणि बहुतेकदा पहिल्या सहा पिढ्यांनंतर शाईचा रंग बदलत असे. शब्दाचा अर्थ मात्र सरळ आहे. ग्रेगर म्हणजे ग्रीक भाषेतून लॅटिनमार्गे आलेले ग्रेगोरियस, 'जागा राहणारा'; आणि 'मॅक' म्हणजे मुलगा. जागल्याचा मुलगा. राजवंशापेक्षा हे मला आवडले, आणि बारा बलुत्यांच्या गावगाड्यात जागल्याला काय मान असे, ते मी जावयाला किलिनपर्यंत परत येताना समजावून सांगितले.

चौथा दिवस : ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे

डॅलमॅली हे गाव लहान आहे. १८११ चे अष्टकोनी चर्च, त्याच्या आवारात कोरीव काम असलेल्या मध्ययुगीन शिळा, आणि पलीकडे लॉख ऑ या लांबलचक तळ्याच्या तोंडावर किलखर्नचा किल्ला. सुरुवातीचे मॅकग्रेगर प्रमुख याच गावात पुरले गेले. उत्तरेला फुटणारी दरी ग्लेन स्ट्रे, म्हणजे त्यांच्या शेवटच्या ठाण्याची जागा. दरीत आता मेंढ्या आहेत आणि वाऱ्याचा आवाज आहे. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बराच वेळ पाहत होते, पण पाहण्यासारखे तेथे काही उरलेले नाही.

मात्र भांडणाचे मूळ येथेच आहे, आणि ते मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. मॅकग्रेगर या दऱ्या पिढ्यान्‌पिढ्या कसत होते. त्यांचा दावा तलवारीच्या हक्काचा होता, म्हणजे आम्ही येथे आहोत आणि येथून आम्हाला हलवून दाखवा. कॅम्पबेलांकडे राजाच्या मोहोरेची सनद होती. रॉबर्ट ब्रूसला साथ दिल्याबद्दल त्यांना या भागातल्या जमिनी मिळाल्या होत्या. १४५० च्या सुमारास ग्लेनऑर्कीच्या पहिल्या कॅम्पबेलाने किलखर्न बांधला आणि त्यानंतर दीडशे वर्षे, गवत वाढावे तशी सनद वाढत गेली. वहिवाट एकाची आणि सातबारा दुसऱ्याचा. असल्या दाव्यांच्या फायली मी शेकड्यांनी हाताळल्या आहेत आणि त्यांचा शेवट बहुतेकदा कसा होतो, हेही पाहिले आहे. कूळ कायदा नसलेल्या देशात वहिवाटदार आधी कूळ होतो, मग ठरावीक मुदतीचा भाडेकरू, मग घुसखोर आणि अखेरीस चोर. मॅकग्रेगर गुरे पळवत, यात शंका नाही. पण गुरे चारायला जमीन उरली नाही, हे त्या वाक्याच्या आधी यायला हवे.

किलखर्नचा किल्ला दुपारच्या उन्हात फार सुंदर दिसत होता. नातीचा फोटो मात्र मी त्याच्यासमोर काढू दिला नाही. जावई हसला, लेकही हसली. हसोत.

पाचवा दिवस : ग्लेन फ्रून

टिंड्रम आणि क्रियनलारिखवरून आम्ही लॉख लोमंडच्या काठाने लस गावात उतरलो. हा मुलूख ज्यांचा, त्यांच्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग नऊ अक्षरांचे आहे आणि उच्चार फक्त 'कहून' असा होतो. वऱ्हाडात नोकरी झालेल्या माझ्या यजमानांना 'काहून?' ऐकायची इतकी सवय होती की ते आज असते तर प्रत्येक पाटीपाशी हसले असते.

पाऊस धरून आला होता. ग्लेन फ्रून ही रुंद, उघडी दरी आहे आणि लढाईची खूण म्हणून रस्त्याकडेला एक दगड उभा केलेला आहे. ७ फेब्रुवारी १६०३ रोजी ग्लेन स्ट्रेचा अ‍ॅलिस्टर मॅकग्रेगर आणि लसचा कहून येथे भिडले. त्याच्या आदल्या हिवाळ्यात गुरांची एक धाड पडली होती. त्यात मेलेल्यांच्या बायका रक्ताळलेले सदरे घेऊन स्टर्लिंगला राजासमोर उभ्या राहिल्या, असे सांगतात. ग्लेन फ्रूनमध्ये कहूनांची सुमारे १४० माणसे पडली. मॅकग्रेगरांची हानी अगदी थोडी झाली. विजय त्यांचाच होता, आणि त्यानेच त्यांचा घात केला.

मार्चअखेरीस इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. लंडनला निघायच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ रोजी, त्याच्या मंत्रिपरिषदेने ठराव केला की मॅकग्रेगर हे नाव यापुढे राहणार नाही. ते लावणाऱ्याने ते टाकावे, नाहीतर मृत्युदंड. नंतर त्यावर भर पडत गेली. त्या नावाच्या चारांहून अधिकांनी एकत्र यायचे नाही. जेवताना मांस कापायला सुरी चालेल, पण तिला टोक असता कामा नये. १६३३ च्या कायद्याने मुलाचा ग्रेगर या नावाने बाप्तिस्मा करायला पाद्र्यांना आणि त्या नावाने दस्त लिहायला लेखकांना मनाई झाली. चोराला शिक्षा होते हे समजते. पण येथे कायद्याने शब्दालाच आरोपी केले होते, आणि अजून न जन्मलेल्या पोराला त्यात गोवले होते.

गाडीच्या काचेवरून पाणी वाहत होते आणि मला धुळ्याच्या कचेरीतली जुनी कागदपत्रे आठवत होती. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने आपल्याकडे जन्मावरूनच माणूस गुन्हेगार ठरवला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो रद्द झाला, तरी पारध्याच्या पोराला जातीचे नाव सांगताना आजूबाजूला पाहून घ्यावे लागते. ग्लेन फ्रूनची आठवण ज्या देशाला होती, त्याच देशाच्या राज्यकर्त्यांनी तो कायदा केला. मॅकग्रेगरांच्या नशिबी निदान आज टी-शर्टावर आणि चावीच्या साखळीवर छापून विकले जाणे आले. लसच्या दुकानात जावयाने तसली एक साखळी उचलली, किंमत पाहिली आणि परत ठेवली.

सहावा दिवस : पुन्हा एडिंबरा

ग्लेन फ्रूननंतर अ‍ॅलिस्टर मॅकग्रेगर जवळजवळ वर्षभर हुलकावण्या देत राहिला. शेवटी अर्गाइलच्या अर्लने त्याला सुखरूप इंग्लंडच्या भूमीवर पोचवण्याचे वचन दिले आणि तो स्वाधीन झाला. अर्लने वचन अक्षरशः पाळले. त्याला बेरिकपर्यंत नेले, इंग्लंडच्या जमिनीवर पाय टेकवला आणि तेथूनच मागे फिरवून एडिंबराला आणले. २० जानेवारी १६०४ रोजी शहराच्या बाजारचौकातल्या मर्कट क्रॉसपाशी त्याला साथीदारांसह फाशी दिले. प्रमुख म्हणून त्याचा दोर इतरांपेक्षा त्याच्या स्वतःच्या उंचीइतका वर टांगला, असे सांगतात. कागदातल्या पळवाटा मी जन्मभर पाहिल्या, पण बेरिकची सर कशालाच नाही.

आजचा मर्कट क्रॉस सेंट जाइल्स चर्चजवळ आहे आणि तो १८८५ चा. मूळ क्रॉस १७५६ मध्ये पाडला. त्याची जागा थोडी खाली, रस्त्यातच अष्टकोनात बसवलेल्या दगडांनी दाखवली आहे. त्यावरून पर्यटकांचे जथे चालले होते, एक जण बॅगपाइप वाजवत होता आणि नात त्या आवाजाकडे तोंडाचा आ करून पाहत होती. जावई दगडांच्या कडेने एक फेरी चालला. मुद्दाम आत पाऊल टाकले नाही, हे मी पाहिले.

तेथे लेकीने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने गेलिकच्या वर्गात ऐकली होती. 'मॅक' म्हणजे मुलगा, म्हणून गेलिकमध्ये मुलीच्या आडनावाला ते लागतच नाही. मुलीला 'निक' लागते. म्हणजे गेलिक बोलणाऱ्यांच्या लेखी आमची नात मॅकग्रेगर नसून निकग्रेगर आहे. "मग दाखल्यावर काय घातले आहे?" असे मी विचारले. दाखल्यावर इंग्रजी रूप होते, मॅकग्रेगर.

मला तो दाखला पाहायचाच होता. येथे जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते आणि लेकीने ती केली होती, पण मी कागद पाहिला नव्हता. घरी आल्यावर तिने तो कपाटातून काढून दिला. नातीचे नाव, जन्माची तारीख आणि वेळ, बापाचे नाव, मॅकग्रेगर. त्याखाली आईचे नाव आणि तिचे माहेरचे आडनाव, म्हणजे आमचे, धुळ्याचे, इंग्रजी अक्षरांत. पर्थशरच्या त्या वाडीवर फर्ग्युसन जेथे होते, त्याच जागी. चष्मा लावून मी ते एकेक अक्षर बोटाने लावून पाहिले, मग दुसऱ्यांदा उलट्या बाजूने. स्पेलिंग बरोबर होते.